८०० आणि १५०० मीटर पळणाऱ्यांनो, इथे लिहा

सुरंगी
पाऊस उघडला. काल शाळेच्या मैदानावर फक्की मारत होते आणि त्या वासाने ८०० ची रेघ डोळ्यांसमोर आली. आता तालुका, जिल्हा आणि मग विभागाला कोल्हापूर. तिथे घाटावरची पोरं पहिल्याच चकरीत आपल्या पोरांचा दम काढतात. आठवणींचे कढ नकोत, पोरांच्या कामाला येईल ते लिहा.

खाजणकाठ
पहिले २०० मीटर. बस्स. ८०० तिथेच हातची जाते, शेवटच्या सरळ पट्ट्यात ती नुसती गेलेली दिसते. २ मिनिटांचं ध्येय असेल तर पहिली चकरी (४०० मीटर) ५८ ते ५९ सेकंद, दुसरी ६१ ते ६२. पोरगं ५४ ला येतं, मैदान टाळ्या वाजवतं, आणि ६०० ला त्याचे खांदे कानाला लागतात.
केनियाच्या डेव्हिड रुडिशाचा २०१२ लंडन ऑलिंपिकचा १:४०.९१ बघा. पहिली चकरी ४९.२८, त्यापुढचे २०० २५.०२ मध्ये, शेवटचे २६.६१ मध्ये. विश्वविक्रमातसुद्धा शेवटचा तुकडा आधीच्यापेक्षा दीड सेकंद हळू. 'शेवटी जोर मारला' म्हणतो ना आपण, तो बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो.

मोजपट्टी
आधी ट्रॅक तरी बरोबर आखा हो! २०० मीटरच्या ट्रॅकला दोन सरळ बाजू ४० मीटरच्या धरल्या तर वळणांना १२० उरतात, म्हणजे धावण्याच्या रेषेची त्रिज्या १९.१० मीटर. पण फक्कीची रेघ तिथे मारायची नाही. उंच कड नसेल तर लांबी आतल्या रेघेपासून २० सेंमी बाहेर मोजतात, म्हणून दोर १८.९० चा. सगळीकडे १९.१० वरच रेघ मारतात. मग दर चकरीला सव्वा मीटर जास्त, ८०० ला पाच मीटर. पोरगं पाऊण सेकंद हळू ठरतं आणि मास्तर म्हणतात तयारी कमी पडली.
दुसरं, काथ्याचा दोर वापरू नका. ओढला की लांबतो, आणि दुसऱ्या वळणाला धरणारा पहिल्यापेक्षा जास्त ओढतो. पोलादी टेप घ्या. मधली खुंटी लाकडी नको, पहार ठोका. जांभ्याच्या मुरमात लाकडी खुंटी हलतेच.

नारळीपौर्णिमा
आमच्याकडे ट्रॅक अंड्यासारखा आहे, त्याची त्रिज्या कुठून मोजू? 😄

मोजपट्टी
@नारळीपौर्णिमा उकडून मग मोजा.

पुळणकर
पुळणीवर सराव करणाऱ्यांसाठी. ओली, घट्ट वाळू ओहोटीलाच मिळते आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी धावायला सुरूच्या बुंध्यापाशी भुसभुशीत वाळू तेवढी उरते. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सकाळी सहाला. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर जातं. लांब पळायचं असेल ते याच दिवसांत उरका.
पुळण समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेने ६ किलोमीटर गेलात तर पाण्याकडचा पाय सतत खाली पडतो, आठवड्याभरात गुडघ्याची बाहेरची बाजू नाहीतर कंबर बोलते. जितकं जाल तितकं त्याच पट्ट्यातून परत या. आणि पुळणीवर ४०० ची वेळ घेऊ नका. आज वाळू घट्ट, उद्या मऊ, आकड्याला अर्थ नाही. मिनिटांवर पळा.

बांगडा_फ्राय
भरती म्हटल्यावर मी पोलीस भरती समजून धावत आलो 🙏

खाजणकाठ
@बांगडा_फ्राय आलात ते बरं झालं. पुरुषांचे १६०० मीटर ५:१० मध्ये म्हणजे दर चकरी साडेसत्त्याहत्तर सेकंद. मुलींचे ८०० मीटर २:५० मध्ये म्हणजे ८५. घोळक्यात सुरुवात होते, सगळे आतल्या रेघेकडे घुसतात, कोपरं लागतात. पहिल्या ५० मीटरला जरा बाहेरून जा. पण पुढे बाहेरच राहू नका. ४०० च्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनमधून धावलं की एका वळणाला साडेतीन-पावणेचार मीटर जास्त, पूर्ण चकरीला सात-साडेसात. वळणावर कुणाला मागे टाकायचं नाही, सरळ पट्ट्यावर टाका.

मिठागर
स्पाइक्सबद्दल, म्हणजे खिळ्यांच्या बुटांबद्दल, कुणीच लिहिलं नाही? खारी हवा आधी त्याच खाते. खिळे आट्यांत गंजले की चावी गोल फिरते, खिळा निघत नाही, बूट फुकट. प्रत्येक सरावानंतर खिळे काढा, गोड्या पाण्याने धुवा, आट्यांना खोबरेल लावून ठेवा. मातीच्या मैदानाला ९ मिमी, सिंथेटिकला ६ पुरेत. पुळणीवर स्पाइक्स अजिबात नको.

शेवंती
माझी भाची, वय १५, १५०० पळते. सराव तोच पण दोन महिने वेळ वाढतेच आहे. कोच म्हणतात आळस. 😔

तिरफळ
@शेवंती ताई, आळस नंतर. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही तपासा. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असं धावणाऱ्या मुलींत बरेचदा असतं. जेवणाबरोबरचा चहा बंद, तासभर अंतर ठेवा, चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजी, कुळीथ, वर लिंबू. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पाळी चुकत असेल तर तेही सांगा, खाणं कमी पडत असतं.

बांगडा_फ्राय
कुळथाची पिठी आणि भात! भुकेच्या वेळी कशाला आठवण करून देता.

तिरफळ
पिठी शर्यतीच्या आदल्या रात्री नको, पोट फुगतं. सकाळी अडीच-तीन तास आधी पेज, मीठ घालून. वर लोणच्याची फोड चालेल, पण भाकरी-मासे नको.

सुरंगी
@तिरफळ मनापासून आभार. पावसात काय करायचं तेही सांगा कुणीतरी, चार महिने मैदानात चिखल असतो.

खाजणकाठ
घाटी. दीडशे मीटरचा चढ, ८ वेळा, उतरताना चालत. डांबरीच बघा, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, घोटा जातो. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापलेलंच राहतं. म्हणून सोप्या दिवशी घड्याळ बघू नका, बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. आणि पंधराव्या वर्षी आठवड्याला दोन कडक दिवस पुरे, रोज ४०० मारायला लावणाऱ्यांची पोरं अठराव्या वर्षी मैदानात दिसत नाहीत. ८०० वाला चोविशी-पंचविशीत पिकतो. आपले श्रीराम सिंह १९७६ ला माँट्रिऑल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत १:४५.७७ धावले तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती. तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत टिकला, मग जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ केला.

मिठागर
प्रमाणपत्रं जपा, लॅमिनेट करू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पडताळणीला मूळ कागद लागतो.

नारळीपौर्णिमा
उद्या सकाळी पुळणीवर कोण येतंय?

पुळणकर
उद्या दशमी. साडेसातला भरती. शाळेच्या मैदानावर या.

मोजपट्टी
टेप मी आणतो. पहार कोणाकडे आहे?