मदत हवी आहे: एजंटची तीच चाचणी कधी पास, कधी फेल

धागाकर्ता: ऑर्डर रद्द करून परतावा देणारा एलएलएम एजंट आहे (भाषा-मॉडेल स्वतः ठरवून टूल, म्हणजे कोडमधली फंक्शन्स, वापरतं). चाचणी मधूनच फेल होते. टेंपरेचर (उत्तरातला यादृच्छिकपणा ठरवणारी सेटिंग) ० केलंय, तरी तेच. रिलीज तोंडावर आहे. प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनांमध्ये) काय बदलू?

लॉगवाचक: फेल म्हणजे नक्की काय? टूल चुकतं, पॅरामीटर चुकतो, की नुसती वाक्यरचना बदलते? असर्शन (चाचणीत तपासली जाणारी अट) कशावर आहे? ट्रेस (एजंटने घेतलेल्या पायऱ्यांची नोंद) टाका. तोवर प्रॉम्प्टला हात लावू नका.

साधाकोड: एजंट चालवणारं फ्रेमवर्क (तयार लायब्ररी) काढून टाका. साधा लूप आणि पायऱ्यांवर मर्यादा, एवढं पुरतं.

लॉगवाचक: फ्रेमवर्कबद्दल विचारलेलंच नाही.

फ्लोटिंगपॉइंट: टेंपरेचर ० म्हणजे दरवेळी तेच उत्तर, असं नसतं. सर्व्हरवर बॅचचा आकार बदलला की बेरजांचा क्रम बदलतो, राउंडिंगमुळे निकाल किंचित हलतो आणि अटीतटीचा टोकन (शब्दाचा तुकडा) फिरतो.

धागाकर्ता: असर्शन टूलच्या क्रमावर आहे: ऑर्डर_शोधा, धोरण_तपासा, परतावा_करा. फेल होतं तेव्हा परतावा_करा दोनदा दिसतं.

अंतिमस्थिती: क्रम तपासूच नका. शेवटी डेटाबेसमध्ये परताव्याची एकच नोंद आहे का, रक्कम बरोबर आहे का, एवढंच बघा.

लॉगवाचक: अर्धंच पटलं. धोरण न तपासता दिलेला परतावा योगायोगाने बरोबर निघाला तर ती चाचणी पास होईल. 'धोरण आधी, परतावा नंतर' ही अट ठेवाच, बाकी क्रम मोकळा सोडा. धागाकर्ते, टूलचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) किती?

धागाकर्ता: १० सेकंद. टाइमआउट झाला की टूल 'एरर' परत करतं.

लॉगवाचक: दोष तिथेच आहे. सर्व्हरवर परतावा झालेला असतो, एजंटला 'एरर' दिसतो, तो पुन्हा प्रयत्न करतो. संदेश असा हवा: 'स्थिती अज्ञात, आधी परतावा_स्थिती पाहा'. शिवाय आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावं म्हणून दिलेली खूण) द्या, पण ती कोडने बनवा, मॉडेलला बनवू देऊ नका.

अंतिमस्थिती: ऑर्डर क्रमांकावरून बनवली की झालं.

लॉगवाचक: नाही. एका ऑर्डरमधल्या दोन वस्तूंचे परतावे वेगवेगळ्या दिवशी आले तर दुसरा गिळला जाईल. ग्राहकाच्या विनंतीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक, दोन्ही घ्या. चाचणीसाठी नकली टूल लिहा: नोंद करेल, पण उत्तर मुद्दाम टाइमआउटचं देईल. मग हा बग हमखास पकडता येतो.

फ्लोटिंगपॉइंट: आणि एकदा पास झालं यावर विसंबू नका. दरवेळी ९०% यश असेल तर सलग ८ वेळा पास होण्याची शक्यता ४३% च असते.

साधाकोड: मर्यादा ठेवली असती तर लूप थांबलाच असता.

लॉगवाचक: दुसरा परतावा मर्यादेच्या आतच होतोय.

धागाकर्ता: परतावा_स्थिती असं टूलच नाहीये. आधी ते लिहितो.