शून्यापासून थीम बनवणारे सगळे रिकामटेकडे असतात का?

शेपूटवेलांटी
वर्डप्रेसच्या थीमवरची परवाची ती पोस्ट वाचल्यापासून डोक्यात भुंगा आहे. (वर्डप्रेस म्हणजे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, थीम म्हणजे ब्लॉग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या फायली.) "तयार थीम ढिगाने पडल्या असताना शून्यापासून थीम बनवायला शिकणं म्हणजे नळाला पाणी असताना विहीर खणणं. थीम टाका, रंग बदला, लिहायला बसा." आणि खाली धडाधड अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता नाही राहवत.

मी प्रोग्रामर नाही, हिशेबाची नोकरी करतो. मीही तयार थीमच वापरत होतो. तारीख लेखाच्या तळाशी यायची, मला ती शीर्षकाच्या वर हवी होती, बास, एवढंच. सेटिंगांची सगळी पानं पालथी घातली. तारखेचा रंग बदलता येत होता, आकार बदलता येत होता, जागा काही बदलता येईना. त्या रागात एक रिकामं फोल्डर उघडलं. वर्डप्रेसच्या जुन्या पद्धतीच्या थीमला दोन फायली पुरतात, स्टाइल डॉट सीएसएस आणि इंडेक्स डॉट पीएचपी. सीएसएस म्हणजे पानाचं दिसणं ठरवणारी भाषा, पीएचपी म्हणजे पान तयार करणारी. पहिलीच्या डोक्यावर थीमचं नाव, दुसरीत तो लूप, म्हणजे पोस्ट आहेत का बघ, असतील तर एकेक उचल आणि छाप. चालवलं तर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं आणि निळ्या लिंका, दिसायला भिकार, पण तारीख मी म्हणेन तिथे! मग सिंगल डॉट पीएचपी बनवली तर एकेकटा लेख तिच्यातून दिसायला लागला, ती पुसली तर गाडी परत इंडेक्सवर. हे कुणी सांगून डोक्यात बसत नाही हो, फाइल पुसल्यावर बसतं. मध्ये दोन रात्री गेल्या कारण लॉगिन केल्यावर दिसणारी वरची काळी पट्टी गायब झाली होती, आणि कारण काय, तर डब्ल्यूपी फूटर ही एक ओळ लिहायला विसरलो होतो. चार महिने लागले, रोज रात्री तासभर. पण आता काही बिघडलं की कुठे बघायचं ते माहीत असतं.

टाचणी
ती पोस्ट माझी होती. नाव घ्यायचं की सरळ, घाबरता कशाला.
चार महिने रोज तासभर म्हणजे १२० तास. १२० तासांत तारीख खालून वर गेली. अभिनंदन. त्या चार महिन्यांत लेख किती लिहिलेत तेवढं सांगा.

शेपूटवेलांटी
तीन.

टाचणी
माझं म्हणणं संपलं.

शेपूटवेलांटी
ताई, आधीच्या चार महिन्यांत दोनच लिहिले होते.

टाचणी
ताई नका म्हणू.

अर्धविराम
टाचणी यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. शिकाऊ माणसाने बनवलेली थीम त्याच्या वहीत ठीक आहे, चालू साइटवर नको. एका ओळखीच्याने हौसेने थीम बनवली, मला दाखवली. शोधाच्या पानावर "तुम्ही अमुक शोधलंत" असं यायचं, आणि तो अमुक शब्द पानाच्या लिंकमधून उचलून जसाच्या तसा छापलेला. म्हणजे कुणीही लिंकमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे स्वतःचा कोड, कोंबून पाठवली की ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणार. ते रोखायला ईएससी एचटीएमएल नावाचं एवढंसं फंक्शन आहे, पण शिकाऊला ते सुचतच नाही कारण ते लावलं काय आणि न लावलं काय, पान दिसायला तेच दिसतं. जे दिसत नाही ते शिकायचं राहून जातं. तयार थीम शंभर जणांनी तपासलेली असते.

बेरकी बोका
शंभर जणांनी तपासलेली हे वाचून करमणूक झाली. मी एक विकतची थीम एका साइटवर फुकट मिळाली म्हणून उतरवली होती. सहा महिन्यांनी कळलं की माझ्या पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत भलत्याच कुणाच्या जाहिरातींच्या लिंका आहेत. कळलं कसं? तर फूटरची फाइल उघडून वाचता येत होती म्हणून. आत अर्धं पान निरर्थक अक्षरांची माळ होती, ती उलगडली तेव्हा लिंका सापडल्या.

अर्धविराम
चोरीचा माल घरात घेतलात आणि दोष तयार थीमना?

बेरकी बोका
चोरीचा कसा? वर्डप्रेस जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आहे, थीमही जीपीएल असते, वाटायला परवानगी आहे. आधी लायसन्स वाचा मग शिकवा.

अर्धविराम
वाचलंय. पुष्कळ विकतच्या थीममध्ये पीएचपीपुरतं जीपीएल असतं, चित्रं आणि सीएसएस वेगळ्या लायसन्सखाली ठेवतात. आणि परवानगी असली म्हणून काय अनोळखी माणसाने दिलेलं झिप डोळे झाकून चढवायचं?

बेरकी बोका
बरं, ते खरंय. तेव्हा अक्कल नव्हती. खूश?

जुनं खोड
तुमचं भांडण बघून गंमत वाटते कारण शून्य म्हणजे नेमकं कुठलं शून्य हे कुणी विचारतच नाहीये. वर्डप्रेसमध्ये थीम हा प्रकारच २००५ साली १.५ आवृत्तीत आला, त्याआधी काय करायचं ते त्या एका इंडेक्स फाइलीत आणि तिच्या सीएसएसमध्ये. मग ती कुब्रिक नावाची निळ्या पट्टीची थीम सोबत यायची आणि ज्याचा त्याचा ब्लॉग तसाच दिसायचा, लोक वैतागून थीम बनवायला शिकले, हौस म्हणून नव्हे. दोन रकाने शेजारी शेजारी बसवायला सीएसएसमधले फ्लोट लावायचे, एक रकाना घसरून खाली गेला की रात्र गेली. २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांत रकाने सरळ मांडून देणारं ग्रिड आलं आणि आमची दहा वर्षांची विद्या पाण्यात गेली. शेपूटवेलांटींनी जे शिकलं तेही तसं मागचंच आहे, जानेवारी २०२२ मधल्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीम आहेत, तिथे साचे एचटीएमएल फायलींत असतात, रंग-फॉन्ट थीम डॉट जेसनमध्ये, पीएचपी जवळजवळ लागतच नाही. तेव्हा आज कुणी लूप शिकत असेल तर हौसेने शिकावा, पण हेच खरं शून्य असं छाती ठोकून सांगू नये. आणि ज्यांना फक्त तारीख हलवायची आहे त्यांनी चाइल्ड थीम करावी, वेगळं फोल्डर, त्यातल्या स्टाइल फाइलीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, हवी ती एकच फाइल कॉपी करून बदलायची. मूळ थीममध्ये हात घातलात तर पुढच्या अपडेटला सगळं साफ.

टाचणी
एवढं लांब कोण वाचणार. पण पाण्यात गेली म्हणालात ना? तेच तर मी म्हणतेय.

कानामात्रा
मी सहसा वाचून गप्प बसते. पण "रंग बदला, लिहायला बसा" म्हणणाऱ्यांनी एकदा आपली मराठी शीर्षकं मोबाईलवर बघावीत. माझ्या एका लेखाचं नाव होतं "आईची चिंता". तयार थीमने ते "आईची चिता" करून दाखवलं. मावशीचा फोन आला. खोटं नाही सांगत.

कारण काय होतं? शीर्षकाची लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, १, आणि त्यावर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर येईल ते लपव. इंग्रजी अक्षरांना चालतं, आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. जे बाहेर आलं ते छाटलं. शिवाय शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांत अंतर सोडलेलं, त्याने शिरोरेषा तुटून दात पडल्यासारखं दिसत होतं. त्यातून पहिलं अक्षर मोठं करायची फॅशन. माझा परिच्छेद "स्त्री"ने सुरू होत होता, तर पाय मोडलेला स् केवढा तरी मोठा आणि त्री बिचारी शेजारी बारीक!

बेरकी बोका
मावशीचा फोन 😂

उशिरा आलेला
यातच भर घाला, लेखाच्या लिंकमधला मराठी पत्ता. मराठी शीर्षक दिलं की पत्त्यात एकेका अक्षराची आणि मात्रेची टक्क्याच्या खुणांसकट नऊनऊ इंग्रजी चिन्हं होतात आणि डेटाबेसमधल्या त्या रकान्याची मर्यादा २०० चिन्हं. म्हणजे बावीस अक्षरं-मात्रांत खेळ खल्लास. माझे निम्मे पत्ते शब्दाच्या मध्येच मेलेत.

अर्धविराम
त्याचा थीमशी काडीचा संबंध नाही.

उशिरा आलेला
नाही. पण राग आहे. कुठेतरी काढायला नको?

कानामात्रा
पानाला भाषेचा कोड इंग्रजी असला तर अजून एक. काही फॉन्टांत मराठीसाठी वेगळा ल आणि वेगळा श असतो, मराठीचा एमआर कोड लावला तरच तो येतो. आणि इटॅलिकचं तर बोलूच नका, देवनागरीत तिरपा फॉन्ट नसला की ब्राउझर उभी अक्षरं ढकलून देतो, वाऱ्याने कुंपण कलल्यासारखी.

जुनं खोड
असहमत. तिरपं देवनागरी मला आवडतं. उगाच सोवळं पाळू नका.

कानामात्रा
सोवळं?? काका, वाचता येत नाही ते आवडतं म्हणजे कमाल आहे. तुम्ही फ्लोटच लावत बसा.

जुनं खोड
काका कोण? वयाचा इथे काय संबंध?

टाचणी
थांबा जरा. कानामात्रा, तुम्ही हे दुरुस्त कसं केलंत? सगळी थीम नव्याने लिहून?

कानामात्रा
नाही. तीन ओळी. लाइन हाइट वाढवली, ओव्हरफ्लो काढला, अक्षरांतलं अंतर शून्य.

टाचणी
तीन ओळी! १२० तास कुठे आणि तीन ओळी कुठे. याहून चांगला साक्षीदार मला मिळाला नसता.

कानामात्रा
कुठल्या तीन ते कळायला आधी एक मोडकीतोडकी थीम शून्यापासून केली होती. ती कधी चढवलीच नाही. आधी तर मी फॉन्टलाच शिव्या देत होते, तीन फॉन्ट बदलले होते.

अर्धविराम
वहीतली थीम. मी हेच म्हणालो होतो, वर जाऊन वाचा.

शेपूटवेलांटी
म्हणजे शिकावं हे मान्य?

अर्धविराम
वहीत.

टाचणी
मी काहीच मान्य केलेलं नाही. फक्त कुतूहल म्हणून माझी शीर्षकं मोबाईलवर बघितली. "किंमत"चं "किमत" झालंय. सहा वर्षांत एका वाचकाने सांगितलं नाही, कमाल आहे.

शेपूटवेलांटी
त्यांना वाटलं असेल तुमचं शुद्धलेखनच तसं आहे.

टाचणी
हे वैयक्तिक होतंय.

तर, लाइन हाइट १.६ केली, ओव्हरफ्लोची ओळ उडवली, अनुस्वार आला. थीमच्याच स्टाइल फाइलीत शिरून बदललं, दहा मिनिटं लागली. विहीर खणावी लागली नाही.

अर्धविराम
थीमच्याच फाइलीत?

टाचणी
हो. का?

बेरकी बोका
कुणी सांगू नका. अपडेट येऊ दे.