अल्टुरा काढून कॉम्बी घेतोय, आणि 'भंगारातून भंगारात' म्हणणाऱ्यांना उत्तर

डिकीवाला

काल जुन्या गाड्यांच्या धाग्यावर मी एवढंच विचारलं होतं की मारुतीची बलेनो अल्टुरा काढून स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी घ्यायचं मनात आहे, कुणी वापरली आहे का. दोन्ही एस्टेट, म्हणजे सेडानचंच छत मागपर्यंत नेऊन डिकी मोठी केलेल्या गाड्या. त्यावर 'हिशोबी' यांचा प्रतिसाद आला: "एका भंगारातून दुसऱ्या भंगारात चाललाय. तेवढ्यात नवीन गाडीचं डाउन पेमेंट होतं. एस्टेट लोकांना नको होती म्हणूनच मेली." तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी ते 'लोकांना नको होती' बघू. टाटांची एस्टेट, इंडिगो मरिना, आली २००४ ला. दोनच वर्षांनी, २००६ च्या अर्थसंकल्पात, चार मीटरच्या आत बसणाऱ्या आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. त्यानंतर जो तो गाडीचं शेपूट छाटत सुटला. २००८ ची इंडिगो सीएस आठवा, डिकी कशी तासून काढली होती. एस्टेटचा तर सगळा जीवच त्या मागच्या दोन फुटांत. सरकारने कर लावला लांबीवर, आणि नाव बदनाम झालं गिऱ्हाइकाच्या आवडीचं.

आता माझी गरज. आम्ही नवरा-बायको दोघंही सायकलवाले. मागचं सीट पाडलं की पुढची चाकं काढून दोन सायकली आत आडव्या जातात, वर हेल्मेट, पंप, डबे. छतावरचं कॅरिअर मला नको. डोक्यावर सायकली आहेत हे विसरून मॉलच्या तळघरात शिरलेले दोन महाभाग आमच्याच ग्रुपात आहेत. कॉम्बीची डिकी ५४८ लिटर, सीट पाडलं की १५१२. खाली बसकी, त्यामुळे सायकल खांद्यावर उचलून आत टाकावी लागत नाही. हल्लीच्या उंच गाड्यांत एकदा करून बघा, मग बोलू.

अल्टुरा का काढतोय? इंजिन अजून टुणटुणीत आहे. पण पंपावर आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. पावसाळ्यात पेट्रोलचा रबरी पाइप पाझरायला लागला. कॉम्बी डिझेल आहे, १.९ टीडीआय. विषय संपला.

हिशोबी

विषय संपला नाही, सुरू झाला.

तुम्ही बघताय ती गाडी २००५ ची. म्हणजे २० वर्षांच्या पुढची. केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार केली. वर जीएसटी, वर पर्यावरण कर, वर फिटनेस, वर ती नवी नंबरप्लेट. आणि हे सगळं पाच वर्षांसाठी, पाच वर्षांनी पुन्हा पेठ रोडला आरटीओच्या रांगेत. शिवाय इन्शुरन्सवाला अशा गाडीची किंमत धरतो ती बघून रडू येईल.

माझ्या मेव्हण्याकडे एक जुनी युरोपियन गाडी होती. कुठली ते सांगत नाही, उगाच मालक लोक अंगावर येतात. तिचा एक सेन्सर बाहेरून मागवला होता. तो येईपर्यंत गाडी इंदिरानगरला झाडाखाली, आणि मेव्हणा माझ्या गाडीत. गाडी त्याची, झळ मला. म्हणून बोलतोय, हौस म्हणून नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय. नवीन घ्या, सायकल मागे स्टँडला लावा, सुखाने झोपा.

डिकीवाला

रांग तर अल्टुरालाही आहे साहेब, तीही त्याच वयाची. तेव्हा तो खर्च दोन्हीकडून वजा करा. हिशोबी नाव घेतलंय तर हिशोब तरी पुरा मांडा.

१८ टक्के कुणाला? परत तेच, चार मीटरच्या आतल्यांना. त्यात सायकल जात नाही, म्हणून तर हे सगळं. जी पुरेल ती, उदाहरणार्थ एर्टिगा, ४३९५ मिमी लांब नि १४६२ सीसी, म्हणजे ४० टक्क्यांत. लांबीची शिक्षा २००६ ला सुरू झाली ती अजून चालूच आहे.

सातपूरचा फिटर

लांबीवरून आठवलं. महिंद्राची लोगन आपल्या नाशकात बनायची, २००७ पासून. आमच्या गल्लीतले अर्धे लोक त्या लाइनवर होते. त्याच लोगनची रोमानियात एस्टेट होती, एमसीव्ही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २९०५ मिमी, सात माणसं बसायची आणि तरी बोजा राहायचा. इथे सेडानच आली. आम्ही चहाच्या टपरीवर म्हणायचो, ती आणा, इथल्या शेतकऱ्याला तीच पाहिजे. टपरीवरचं कोण ऐकतो. पुढे गाडी व्हेरिटो झाली आणि २०१३ ला व्हेरिटो व्हाइब आली, म्हणजे तीच गाडी, चार मीटरात बसवायला मागून कापलेली. डिकीवाल्यांचं म्हणणं अगदी हेच आहे.

आणि हिशोबी साहेब, कॉम्बी आभाळातून पडलेली नाही. ऑक्टाव्हिया २००१ पासून शेंद्र्याला जुळवली जायची. तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक संभाजीनगरला आहेत, इकडेही आहेत. कुणाकडे जायचं ते माहीत पाहिजे.

देवळालीची ताई

सगळे पुरुष डिकीवर बोलतायत. मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईला कुणी विचारलंय का?

पहिल्या ऑक्टाव्हियात मागे पाय ठेवायला जागा नाही. ड्रायव्हर उंच असला की संपलंच. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अशाच एका गाडीत बसून शिर्डीला गेल्या, उतरताना दोघांनी धरावं लागलं. सायकलींची एवढी काळजी, माणसांची नाही.

आणि दिसण्याचं म्हणाल तर नव्वदीत आमच्याकडे पण एक एस्टेट होती, कुठल्या कंपनीची ते राहू द्या. रंग पांढरा. कॉलनीतली पोरं तिला अँब्युलन्स म्हणायची. माझ्या आत्याच्या लग्नात नवरदेवाला आणायला तीच पाठवली, तर वरपक्षाच्या एका काकांनी दारातच विचारलं, "कोण आजारी आहे?" बाबांनी पुढच्याच वर्षी विकली. कर-बिर तुमचा असेल खरा, पण लोकांना नको होती हेही खरंच आहे हो.

डिकीवाला

ताई, अल्टुराचा व्हीलबेस २४८०, कॉम्बीचा २५१२. म्हणजे आहे त्यापेक्षा तीन सेंटिमीटर जास्तच. मी मागे जातोय कुठे?

देवळालीची ताई

तीन सेंटिमीटर! थांबा, सासूबाईंच्या गुडघ्यांना कळवते.

निफाडचा मका

गाडीचं मला घेणंदेणं नाही, तुम्हाला पाहिजे ती घ्या. पण ते इथेनॉलचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

वीस-बावीस वर्षांचा रबरी पाइप पाझरला. अहो, वीस-बावीस वर्षांत माणसाचे सांधे पाझरतात. तुमच्याच भाषेत 'विषय संपला'? पाइप बदला, काही शे रुपयांचं काम. त्यासाठी शेतकऱ्याला कशाला मधे ओढता? जिल्ह्यात ऊस बुडाला, कारखाने बंद पडले, तेव्हा कॉलेज रोडवरून कुणी विचारायला आलं नव्हतं. आता इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक मिळालं तर सगळ्यांच्या टाक्या दुखायला लागल्या.

डिकीवाला

मी शेतकऱ्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. नीती आयोगाचा २०२१ चा आराखडा वाचा, त्यातच लिहिलंय की ई-१० (१० टक्के इथेनॉल) पर्यंतच्या हिशोबाने जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं मायलेज ई-२० (२० टक्के) वर ६ ते ७ टक्के पडतं. हे मी म्हणत नाही, ज्यांनी योजना आणली ते म्हणतात. ई-२० ला चालतील अशा नळ्या-सीलं घातलेल्या गाड्या सगळीकडून यायला लागल्या २०२३ पासून. त्याआधीच्यांनी काय करायचं? आणि पंपावर मला 'बिनइथेनॉल' असा पर्याय आहे का? स्वस्त तरी दिलंत का? नाही. माझा राग तिथे आहे.

अंडीवाला

मका भाऊ, गिऱ्हाईक मिळालं म्हणता, आधीचं गिऱ्हाईक कोण होतं? आम्ही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधन आलं आणि सगळ्या डिस्टिलऱ्या मक्यावर तुटून पडल्या. तेव्हा कोंबडीच्या खाद्याचा भाव काय झाला ते आम्हाला विचारा. माझं एक शेड त्या वर्षी रिकामं राहिलं. गाडीला मका, कोंबडीला काय, भुस्सा?

निफाडचा मका

मग इतकी वर्षं कोंबडीवाल्यांनी आम्हाला जो भाव दिला त्याचं काय? दोन वर्षं तुमचं दुखलं तर लगेच भुस्सा आठवला. आणि आमचंही काय सोनं झालं नाही. २०२५-२६ चा हमीभाव २४०० रुपये क्विंटल, बाजारात कितीला गेला ते जाऊन बघा. ओला आहे, बारीक आहे, उद्या या. कांद्याला रडलो, द्राक्षाला रडलो, आता मक्याला. फुकट खाणाऱ्यांनी

*(पुढील दोन वाक्ये काढली आहेत. व्यक्तिगत शेरे टाळा. – संपादक)*

अंडीवाला

काढलेली दोन वाक्यं मी वाचली आहेत. लक्षात ठेवीन. लासलगावला कधीतरी भेट होईलच.

हिशोबी

भाव हमीभावाच्या खाली गेला ना? मग इथेनॉलने तुमचं भलं झालं की नाही ते आधी ठरवा मका भाऊ. एकाच प्रतिसादात दोन्ही म्हणता.

निफाडचा मका

दोन्ही खरं आहे. पहिल्या वर्षी बरा मिळाला, सगळ्यांनी मकाच पेरला, भाव पडला. गाव असंच चालतं. एक्सेलमध्ये बसत नसेल तर तो एक्सेलचा दोष.

पुन्हा सातपूरचा फिटर

(पासवर्ड विसरलो, नवीन खातं.)

मंडळी, धागा गाडीचा होता. इथेनॉलवर एवढंच सांगतो, दोघंही अर्धे बरोबर. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही हे हाताने बघितलंय, पाइप आतून मऊ पडतो. पण नवीन, चांगल्या प्रतीचे पाइप, सीलं आणि पंपाची जाळी एकदा बदलली की अल्टुरासारखं साधं इंजिन चालत राहतं. मायलेज पडेल ते पडेल. म्हणजे फक्त ई-२० पायी अल्टुरा काढत असाल तर त्याची गरज नाही. कॉम्बी आवडली म्हणून घेत असाल तर तसं म्हणा, कुणी अडवलंय?

डिकीवाला

बरं, आवडली. झालं समाधान? कसारा घाटात सायकली किंवा चार माणसं घेऊन पेट्रोलचं सोळाशे सीसी किती ओरडतं ते मी रोज ऐकत नसलो तरी ऐकलंय. त्या टीडीआयला चढावर गिअर पाडावा लागत नाही. शिवाय आजकाल बलेनो म्हटलं की लोक २०१५ नंतरची हॅचबॅक समजतात, पार्ट मागायला गेलं की पोरगा काउंटरवर तिचाच बंपर आणून ठेवतो. कंटाळलो.

हिशोबी

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. हौसेला हिशोब नसतो, मान्य. फक्त तिला 'गरज' म्हणून आमच्या गळ्यात मारू नका. आणि सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे खोदून ठेवलंय, त्यात ती बसकी गाडी पोटावर घासत न्या. माझ्या शुभेच्छा. डिझेल आहे तेव्हा दिल्लीला मात्र नेऊ नका.

डिकीवाला

सायकल चालवायला दिल्लीला कोण जातं, तिथल्या हवेत? त्र्यंबक, पेठ, वणी, भंडारदरा. पुरे आहे आम्हाला.

देवळालीची ताई

मला अजून सांगा, वहिनींना विचारलंय का? की त्यांनाही हा धागा वाचूनच कळणार?

डिकीवाला

विचारलंय. तिची अट एकच, पांढरी नको. ही काळसर निळी आहे.

सातपूरचा फिटर

(जुना पासवर्ड सापडला.)

रंग जाऊ द्या. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? त्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग हेडचं काम निघतं आणि हिशोबींचा मेव्हणा आठवतो. बिल आहे का?

डिकीवाला

बिल नाही. विकणारा म्हणतो नुकताच बदललाय.

सातपूरचा फिटर

मग बदललेला नाही असं धरा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्ही एकदम, पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो खर्च आधी विचारून घ्या आणि त्याच्या समोर भावातून तेवढे पाडा. नाही म्हणाला तर उठून या. सकाळी थंड इंजिन चालू करून दाखवायला सांगा, आपण पोचायच्या आधी त्याने गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. रविवारी जाणार असाल तर मी येतो, दहानंतर.

डिकीवाला

रविवारी राइड आहे. शनिवारी जमेल का?

निफाडचा मका

शनिवारी जा. आणि डिझेलमध्ये पण पुढेमागे काहीतरी मिसळणारच आहेत, तेव्हा परत धागा काढू नका.