मदत हवी आहे: भारतीय सीपीएलवर आफ्रिकेत वैमानिकाची नोकरी

प्रश्न
डीजीसीएचं (भारताचं विमान वाहतूक नियामक खातं) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स आहे. एकूण २१२ तास, त्यातले १८५ एका इंजिनाच्या सेसना १७२ वर, बाकी दोन इंजिनांच्या डीए-४२ वर. टाइप रेटिंग (ठरावीक मोठं विमान उडवण्याची परवानगी) नाही. इथियोपिया, केनियातल्या विमान कंपन्यांना अर्ज केले, कुणाचंच उत्तर नाही. एक एजंट नैरोबीत को-पायलटची जागा नक्की आहे म्हणतो, पण वर्क परमिटसाठी आगाऊ पैसे मागतोय. भरू का? आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
पैसे अजिबात भरू नका. परमिटचा अर्ज नोकरी देणारी कंपनी करते. मुलाखत नाही, चेक फ्लाइट (उडवून दाखवायची परीक्षा) नाही आणि जागा मात्र नक्की, असं या धंद्यात होत नाही.

मोठ्या कंपन्या परदेशी वैमानिक घेतात ते मुख्यतः कॅप्टन म्हणून: एटीपीएल (सीपीएलच्या वरचं, कॅप्टनचं लायसन्स) आणि त्याच विमानाचं टाइप रेटिंग असलेले. को-पायलट त्यांना देशातच मिळतात. इथियोपियन एअरलाइन्सची तर आदिस अबाबात स्वतःची अकादमी आहे.

दोनशे तासांवर खरा रस्ता सफारी चार्टरचा, म्हणजे पर्यटकांना छोट्या विमानांनी कॅम्पवर नेणाऱ्या कंपन्यांचा. बोत्स्वानातलं माउन, विंडहोकचा इरॉस विमानतळ, अरुशा, नैरोबीचा विल्सन. तुम्ही माउनपासून सुरुवात करा. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातल्या बऱ्याच कॅम्पवर विमानानेच जावं लागतं, म्हणून तिथे सेसना २०६ आणि एअरव्हॅन ही छोटी विमानं दिवसभर उडत असतात. पुढची पायरी कॅरॅव्हॅन, हे त्याहून मोठं टर्बोप्रॉप विमान. इथे एका इंजिनाच्या पिस्टन विमानाचे तास बघतात, त्यामुळे तुमचे १८५ तास जास्त मोलाचे.

गर्दीचा हंगाम जून ते ऑक्टोबर. त्याआधी ट्रेनिंग उरकायचं असतं, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे असायला हवं. नुसत्या ईमेलवर काम होणं कठीण. चीफ पायलटला प्रत्यक्ष भेटा. दोन-तीन महिन्यांचा राहण्याचा खर्च हाताशी ठेवा. परमिट येईपर्यंत उडता येत नाही.

प्रश्नकर्ता
फार आभार. कागदपत्रं आणि चेक फ्लाइटची तयारी?

उत्तर २
लायसन्स खरं असल्याची खातरजमा बोत्स्वानाचं विमान वाहतूक खातं डीजीसीएकडून करून घेतं. तो अर्ज भारतातून निघण्याआधीच मार्गी लावा. लॉगबुकच्या प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा तपासा. एका पानावरची दहा मिनिटं पुढे नेताना चुकली तरी शेवटचा आकडा जुळत नाही आणि फाइल परत येते. क्लास वन मेडिकल आणि इंग्रजी प्रावीण्य किमान लेव्हल ४ चालू हवं. स्थानिक एअर लॉ (विमान वाहतुकीचे नियम) वाचून ठेवा.

तयारीत डेन्सिटी अल्टिट्यूड पक्कं करा, म्हणजे हवा तापून विरळ झाली की विमानाला जाणवणारी उंची. माउन सुमारे ३१०० फुटांवर आहे. त्या उंचीवरचं प्रमाण (स्टँडर्ड) तापमान ९ अंश धरा. ऑक्टोबरात ३८ अंश असले तर फरक २९. दर अंशाला १२० फूट, म्हणजे जवळजवळ ३५०० फूट वाढले. विमानाला वाटतं आपण ६६०० फुटांवर आहोत! कच्च्या, आखूड पट्टीवर पूर्ण वजन घेऊन निघायचं की एक प्रवासी मागे ठेवायचा, हे या आकड्यावर ठरतं. वजन आणि सीजीचं (गुरुत्वमध्याचं) गणित ॲपशिवाय, कागदावर करता आलं पाहिजे.

२०६ ची एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) खाली असले की उजवीकडच्या मागच्या दुहेरी दाराचा पुढचा पल्ला फ्लॅपला अडतो. प्रवाशांना सूचना देताना मागचा पल्ला कसा उघडायचा ते दाखवावंच लागतं.

केनिया किंवा इथियोपियाला जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.