मदत हवी आहे: नवरा पुण्यात, बायको कॅनडात, आणि मध्ये दोन जुन्या केसेस

धायरीकर:
एका जोडप्यासाठी विचारतोय. बायको कॅनडाची पीआर (कायम रहिवासी), ब्रॅम्प्टनला राहते. नवरा पुण्यात. लग्न रजिस्टर आहे, स्पाउस स्पॉन्सरशिपची, म्हणजे नवऱ्याला तिकडे पीआर मिळवून देण्याची, फाइल भरायची आहे. नवऱ्याच्या नावावर हे आहे:

२०११, भोसरी पोलीस ठाणे, भादंवि ३२४ (घातक हत्याराने दुखापत) आणि ३४ (समान हेतूने मिळून). घरचे म्हणतात, "ते कोर्टात मिटलं."
फेब्रुवारी २०१७, ड्रंक अँड ड्राइव्ह, मोटार वाहन कायदा कलम १८५. दोन हजार दंड भरून मोकळा.
२०२२ मध्ये व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला होता. त्यात गुन्ह्याच्या प्रश्नाला एजंटने "नाही" टिक केलं. व्हिसा नाकारला, पण कारण वेगळं होतं.

एजंट आता म्हणतो, पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) क्लीन येणार, जुनं उकरू नका. काय करावं?

नक्कलअर्ज:
आधी एजंट बदला. मग "मिटलं" हा शब्द बाजूला ठेवा, कारण कोर्टात "मिटलं" नावाचा निकाल नसतो. शिक्षा, दोषमुक्ती, तडजोड, किंवा हायकोर्टातून गुन्हा रद्द, यातलं नेमकं काय झालं ते कागदावर पाहायचं.

३२४ बद्दल मला शंका आहे. हे कलम २००९ च्या डिसेंबरअखेरपासून तडजोडयोग्य कलमांच्या यादीतून निघालं. म्हणजे २०११ च्या केसमध्ये खालच्या कोर्टात ३२४ ची तडजोड होऊच शकत नव्हती. बहुधा फिर्यादी फितूर झाला आणि पुराव्याअभावी आरोपी सुटले. नाहीतर ३२३ (साधी दुखापत) वर उतरवून तडजोड झाली असेल, किंवा हायकोर्टात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८२ खाली रद्द झालं असेल. कायदेशीर तडजोड झाली असेल तर तिचा परिणाम दोषमुक्तीचाच धरतात. पण "कबूल करून थोडा दंड भरला" असं निघालं, तर ती शिक्षा आहे. घरच्यांच्या लेखी दोन्ही "मिटलं"च.

शोधायचं असं. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव किंवा एफआयआर नंबर टाका. सीएनआर (केसचा ओळख क्रमांक) मिळाला तर तो १६ अक्षर-अंकांचा असतो, पुणे जिल्ह्याचा एमएचपीयूने सुरू होतो. भोसरीच्या केसेस बहुतेक पिंपरी कोर्टात, उगाच शिवाजीनगरला हेलपाटा नको. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालंय, त्यामुळे भोसरीच्या एफआयआरची प्रत पुणे आयुक्तालयात मागू नका.

नक्कल अर्जात आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. नंबर (कोर्टातला फौजदारी केस नंबर), आरोपीचं नाव, निकालाची तारीख लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रमाणित प्रत हवी, मोबाइलवर काढलेला फोटो नाही. एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकाल, तिन्ही घ्या. रेकॉर्ड नष्ट झालं म्हणाले तर ते तोंडी ऐकून परत फिरू नका. तसं लेखी घ्या, रजिस्टरमधल्या नोंदीची प्रतही मागा.

१८५ मध्ये दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. ती पावती ट्रॅफिकच्या चलनासारखी समजून फेकून देतात, तिथेच घोळ होतो.

डोंबिवली_ते_मिसिसॉगा:
नक्कलअर्ज यांनी भारताची बाजू सांगितली, मी कॅनडाची सांगतो. स्पाउसला वैद्यकीय खर्चाच्या अटीतून सूट असते, गुन्ह्यांच्या अटीतून नाही. तिथला अधिकारी इथलं कलम बघून थांबत नाही, तेच कृत्य कॅनडात कोणता गुन्हा ठरलं असतं आणि त्याची कमाल शिक्षा किती, ते पाहतो.

म्हणून १८५ मध्ये मशीनचं रीडिंग फार महत्त्वाचं. आपल्याकडे १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, कॅनडात आकडा ८० चा. रीडिंग ४५ असेल तर आकड्याच्या गुन्ह्याशी समतुल्यता जमत नाही. मात्र "दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता घटली" हा तिथला वेगळा गुन्हा आहे, त्याला आकडा लागत नाही. अपघात झाला होता का, पोलिसांनी काय लिहिलं, हेही बघावं लागतं.

१८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडात दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली, त्यामुळे त्यानंतरचा गुन्हा "सीरियस" गटात जातो. तुमचा त्याआधीचा, कमाल ५ वर्षांच्या काळातला. हे नशीबच समजा. सीरियस असता तर आपोआप पुनर्वसन (ठरावीक वर्षांनी जुना गुन्हा आड न येणं) नाही आणि नकार आल्यावर स्पॉन्सरला अपीलही नाही.

अशा एकाच गुन्ह्याला शिक्षा पूर्ण झाल्यापासून १० वर्षांनी आपोआप पुनर्वसन धरतात. म्हणजे फेब्रुवारी २०२७. कोर्टाने लायसन्स निलंबित केलं असेल तर निलंबन संपल्यापासून मोजा. ५ वर्षांनंतर क्रिमिनल रिहॅबिलिटेशनचा (रिहॅब, म्हणजे अर्ज करून मिळणारं पुनर्वसन) अर्ज करता येतो, तो २०२२ पासूनच शक्य आहे. निर्णयाला वर्षाहून जास्त लागू शकतं.

आणि इथे तुमची २०११ ची केस आडवी येते. आपोआपवाला नियम शिक्षा एकच असेल तरच. ३२४ मध्ये शिक्षा निघाली तर १० वर्षांचा हिशेब कोसळतो. शिवाय हत्याराने मारहाणीची कॅनडात कमाल शिक्षा १० वर्षं, म्हणजे तीच केस सीरियस ठरू शकते. दोषमुक्ती असली तरी निकाल जोडाच. कॅनडाच्या कायद्यात शिक्षा न होताही "कृत्य केलं" या आधारावर आक्षेप घेता येतो, म्हणून अधिकाऱ्याला अंदाज बांधायला जागा ठेवू नका.

धायरीकर:
धन्यवाद. नकला आल्या. ३२४ मध्ये फिर्यादी फितूर, सर्व आरोपी दोषमुक्त. १८५ ची नोंद: गुन्हा कबूल, दंड २०००, रीडिंग ९६. अपघात नाही, निलंबन नाही. आता २०२२ च्या त्या टिकचं काय? आणि फेब्रुवारी २०२७ पर्यंत थांबावं का?

डोंबिवली_ते_मिसिसॉगा:
९६ म्हणजे ८० च्या वर, समतुल्यता आहे असंच धरून चला. मी थांबणार नाही. स्पॉन्सरशिपसोबत रिहॅबचा अर्ज जोडा, कलम १८५ चा मजकूरही जोडा, तो मागतात. निकाल लागेपर्यंत १० वर्षं उलटली असण्याचीही शक्यता आहे.

टिकचं प्रकरण १८५ पेक्षा जड आहे. व्हिजिटरच्या फॉर्ममध्ये अटक, आरोप, शिक्षा सगळंच विचारतात. चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर ५ वर्षं बंदी, आणि त्या काळात पीआरचा अर्जही नाही. एजंटने भरला हा बचाव सहसा चालत नाही, सही अर्जदाराची असते. तरी आधी जुना अर्ज हातात घ्या. बायको कॅनडात आहे, तिने नवऱ्याच्या संमतिपत्रासह एटीआयपीतून (कॅनडा सरकारकडून माहिती मागवण्याची सोय) मागवावा, फी ५ डॉलर. मग नव्या फाइलमध्ये "हो" लिहा आणि सोबतच्या पत्रात तारीखवार सांगा: २०२२ चं उत्तर चुकीचं होतं, कोणी भरलं, खरी माहिती अशी. अधिकाऱ्याने विचारायच्या आत. खुलासा मागणारं पत्र आलंच तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, आणि तिथे मात्र लायसन्सधारक वकील घ्या. ठपका बसलाच तरी जोडीदार म्हणून स्पॉन्सरला अपील आहे, नकाराचं पत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत.

पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातूनच, फी ५०० रुपये. आयुक्तालयातला नोकरीसाठीचा चारित्र्य दाखला इथे चालत नाही. ती क्लीन आली तरी १८५ लिहायचंच. फॉर्म पीसीसीबद्दल विचारत नाही, शिक्षेबद्दल विचारतो.

नक्कलअर्ज:
भाषांतराबद्दल राहिलं. निकाल मराठीत आहे, तेव्हा इंग्रजी भाषांतर लागेल, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. घरच्यांपैकी कोणी केलेलं चालत नाही, बायकोचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. आणि "दोषमुक्त" ला "अक्विटेड"च लिहून घ्या. बरेच जण "डिस्चार्ज्ड" लिहितात. आपल्याकडे डिस्चार्ज म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडणं, पण कॅनडात डिस्चार्ज दोषी ठरल्यानंतर मिळतो. सही करण्याआधी तो एक शब्द स्वतः वाचून बघा.