मदत हवी आहे: एका पुटिकेला दोन्ही दिशांच्या मोटर, मग दिशा कोण ठरवतं?

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. चेतापेशी शिकवताना बारावीच्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हणून चार दिवस झाले. तास संपला की ती रोज दारात उभी असते. तिला थातूरमातूर सांगून वाटेला लावायचं नाही, म्हणून इथे विचारतेय.

वर्गात मी सांगितलं ते असं. प्रथिनं मुख्यतः पेशीकायेत, म्हणजे चेतापेशीच्या मुख्य भागात, तयार होतात, लागतात मात्र अक्षतंतूच्या, म्हणजे तिच्या लांब तंतूच्या, टोकाला. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर लांब. नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, माल तिथे पोचायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून पुटिका, म्हणजे व्हेसिकल, मालाच्या इवल्या पिशव्या, मायक्रोट्यूब्यूल नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांच्या रुळांवरून ओढून नेल्या जातात. ओढणारी प्रथिनं म्हणजे मोटर: किनेसिन टोकाकडे नेतं, डायनीन पेशीकायेकडे आणतं. किनेसिन १९८५ साली व्हेल, रीझ आणि शीट्झ यांना स्क्विडच्या जाड अक्षतंतूवर काम करताना सापडलं. त्याचं पाऊल ८ नॅनोमीटरचं आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. सर्वांत जलद माल दिवसाला ४०० मिमीपर्यंत जातो, म्हणजे पावलापर्यंत अडीच दिवस. मुलं खूश झाली.

मग मी म्हटलं की एकाच पुटिकेवर बहुधा दोन्ही प्रथिनं असतात. त्यावर ही मुलगी: "मॅडम, एका गोणीला दोन हमाल दोन बाजूंनी लागलेत. ती कुठे जायची हे ठरवतं कोण?"

मी म्हटलं, रस्सीखेच असेल, ज्याचा जोर जास्त तो नेणार. ती लगेच म्हणाली, "मग किनेसिन काढलं तर सगळा माल भराभर मागे येईल ना?"

इथे मी अडकले. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. हा प्रयोग फळमाशीच्या अळीत झालेला आहे. किनेसिन बिघडवलं तर माल भराभर मागे येत नाही, दोन्ही दिशांची वाहतूक मंदावते. डायनीन बिघडवलं तरी तेच. म्हणजे ही दोघं नुसती एकमेकांच्या विरुद्ध ओढत नाहीत, एकमेकांवर अवलंबूनही आहेत.

ठरवणारी प्रथिनं वेगळीच. पुटिका आणि मोटर यांच्यामध्ये जोडणारी प्रथिनं असतात, त्यांच्याकडे मुकादमी असते. उदाहरणार्थ जेआयपी१. अल्झायमरच्या संदर्भात ज्याचं नाव येतं ते एपीपी प्रथिन वाहणाऱ्या पुटिकांवर हे बसतं. त्याच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट चिकटला की ते किनेसिनला जागं करतं आणि पुटिका टोकाकडे निघते. फॉस्फेट नसेल तर ते डायनीनच्या साथीदाराला, डायनॅक्टिनला, धरतं आणि पुटिका मागे येते. एका फॉस्फेटवर दिशा फिरते!

"जागं करतं" हे मुद्दाम लिहिलं. माल नसेल तेव्हा किनेसिन स्वतःवरच दुमडून पडून राहतं, एटीपी वाया घालवत नाही. चेतासंधीकडे, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडाकडे, जाणाऱ्या पुटिकांचं किनेसिन वेगळं आहे, केआयएफ१ए. त्याची घडी उघडायला एआरएल-८ नावाचं छोटं प्रथिन लागतं. सूत्रकृमीत (प्रयोगांत वापरली जाणारी बारीक अळी) ते नसलं की पुटिका टोकाला न जाता वाटेतच साचतात. माणसात केआयएफ१ए जनुकात दोष असेल तर मुलांचे पाय ताठरतात, बौद्धिक वाढही अडखळते.

प्रतिसाद २

रस्सीखेच अगदीच चूक नाही हं. किनेसिनचा एक रेणू बराच जोरकस, सस्तन प्राण्यांचं डायनीन एकेकटं दुबळं, पण ते टोळीने काम करतं. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की ओढ वाढली तशी डायनीनची टोळी रुळाला अधिक घट्ट धरून राहते. ते काम चेतापेशीतलं नव्हतं, पण जोराचा हिशोब समजावायला चांगलं आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज तिला जेआयपी१ची गोष्ट सांगितली. ती वहीत लिहून घेत असतानाच पुढचा प्रश्न आला: डायनीन जर फक्त मागेच चालतं, तर ते मुळात टोकाला पोचतं कसं? आणि तिथे गेलेल्या किनेसिनचं काय होतं?

प्रतिसाद १

डायनीनला किनेसिनच माल म्हणून नेतं. टोकाला पोचलं की मग त्याचं काम सुरू. दुसऱ्या प्रश्नाला सूत्रकृमीतलं उत्तर आहे, तेही टीआयएफआरमधल्याच संध्या कौशिका यांच्या गटाकडून. तिथे केआयएफ१एचं भावंड आहे यूएनसी-१०४. मालाशी जोड सुटली की पेशी त्याचे तुकडे करून टाकते, परत आणायच्या भानगडीत पडत नाही.

एक विनंती: तिसरा प्रश्न आला की तोही इथेच टाका.