बॅटरी बदलली आणि स्मॉग चेक अडला: मॉनिटर 'रेडी' होत नाहीत

सनीवेलकर:
मंडळी, २०१२ ची होंडा सिव्हिक, पेट्रोल. बॅटरी गेली म्हणून नवी टाकली. स्मॉग चेकला (कॅलिफोर्नियातली धुराची तपासणी) नेली तर कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) आणि इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) यांचे मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या चाचण्या, 'इनकम्प्लीट' म्हणून परत पाठवली. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. "शंभर मैल चालवून आणा," म्हणाले. रोज हायवे १०१ वरून ऑफिसला जातोय, तरी दोन्ही तसेच. रजिस्ट्रेशनची मुदत तोंडावर आलीय.

पानापक्कड:
नुसते मैल वाढवून काही होणार नाही. बॅटरी काढली की कॉम्प्युटरमधले आधीच्या चाचण्यांचे निकाल पुसले जातात, आणि प्रत्येक चाचणी तिला हवी ती परिस्थिती मिळाली तरच पुन्हा सुरू होते. १०१ च्या गर्दीत ती मिळणं कठीण.

होंडाच्या मॅन्युअलमध्ये रीत दिलीय, तीच धरा. टाकी पाऊण भरलेली, गाडी रात्रभर बंद. सकाळी ॲक्सिलरेटरला पाय न लावता सुरू करा, वीसेक सेकंद तशीच राहू द्या. मग पार्कमध्येच २००० आरपीएमवर तीन मिनिटं धरा. रविवारी पहाटे हायवे २८० रिकामा असतो. उजव्या लेनमधून ताशी ५० ते ६० मैलांनी वीस मिनिटं, क्रूझ कंट्रोल न लावता. मध्ये दीड मिनिट पाय अजिबात हलवू नका. येताना फुटहिल रस्त्यावरून या, मागे कोणी नसेल तिथे ब्रेक, ॲक्सिलरेटर दोन्ही सोडून गाडी काही सेकंद आपसूक घरंगळू द्या. घरी आल्यावर अर्धा तास बंद ठेवा.

फ्रीमॉन्टकर:
गाडीच्या कॉम्प्युटरला स्वस्तातला स्कॅनर लावून एकदा रीसेट मारून बघा ना.

पानापक्कड:
रीसेट नकोच! जे मॉनिटर पूर्ण झालेत तेही पुसले जातील आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. स्कॅनर घ्या, पण फक्त वाचायला. होंडात त्याशिवायही कळतं: इंजिन सुरू न करता किल्ली ऑनवर ठेवा. चेक इंजिनचा दिवा वीसेक सेकंदांनी विझला तर सगळं रेडी, पाच वेळा लुकलुकला तर काहीतरी बाकी. नेमकं काय बाकी, ते स्कॅनर सांगेल. एकटा इव्हॅप राहिला असेल तर खुशाल जा. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांना तेवढी सूट आहे. कॅटॅलिस्ट मात्र झालाच पाहिजे.

सनीवेलकर:
खूप आभार. कालच टाकी काठोकाठ भरलीय, चालेल?

पानापक्कड:
कॅटॅलिस्टला फरक पडत नाही. इव्हॅप मात्र काठोकाठ टाकीवर चालत नाही. रविवारपर्यंत ऑफिसच्या फेऱ्यांत पाऊण टाकीवर येईल, तेव्हा काढा.